आमची पतसंस्था मोठीत विलीन करावी का? विशेष सभेआधी मतं हवीत

पेठेतला_संचालक · सोमवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र. पण विषय असा आहे की घरी काढला तर बायको म्हणते, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं संचालक व्हायला?" आणि संस्थेत काढला तर लगेच दोन तट पडतात. म्हणून हा धागा.

पुण्यात मंडईच्या मागच्या अंगाला आमची छोटी नागरी पतसंस्था आहे. नाव सांगत नाही. ओळखणारे ओळखतील, त्यांनी गप्प बसावं ही विनंती. गाळेवाले, अडते, बोहरी आळीतले दोन-चार दुकानदार अशांनी मिळून काढलेली. वडील त्यातलेच एक. १८०० सभासद, ११ कोटींच्या ठेवी, एकच शाखा, ५ कर्मचारी. ऑडिट वर्ग 'अ'. थकबाकी आहे, पण झोप उडेल इतकी नाही. दरवर्षी लाभांश देतो आणि वार्षिक सभेला बटाटावडा-चहा.

मग दुखतंय कुठे? आमचे व्यवस्थापक (सगळे त्यांना भाऊ म्हणतात) मार्चमध्ये निवृत्त होतायत. कुठला फळवाला पितृपक्षात हप्ता चुकवतो आणि नवरात्रात दोन्ही एकदम भरतो, कुठल्या जामीनदाराला फोन केला की कर्जदार दुसऱ्या दिवशी हजर होतो, हे सगळं भाऊंच्या डोक्यात आहे, सॉफ्टवेअरमध्ये नाही. ११ संचालकांपैकी ७ जण सत्तरीपुढचे. सॉफ्टवेअरवाला दरवर्षी देखभालीचा खर्च वाढवतो. तरुण सभासद विचारतात, "खातं मोबाईलवर दिसतं का?" नाही दिसत.

अशात उपनगरातल्या एका मोठ्या पतसंस्थेचं पत्र आलंय. कर्मचारी सामावून घेतो, ठेवींचे दर मुदत संपेपर्यंत तेच ठेवतो, शाखेच्या पाटीवर खाली बारीक अक्षरात तुमचं नाव ठेवतो. निम्मं संचालक मंडळ म्हणतंय, सोनं झालं. उरलेलं निम्मं म्हणतंय, बापाचं नाव विकायचं का? मी कुंपणावर.

--

खडूस_ऑडिटर · सोमवार, रात्री ११.०५

आधी कायदा, भावना नंतर.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, कलम १७. निबंधकाची (सहकार खात्याच्या अधिकाऱ्याची) पूर्वमान्यता लागते. त्याच कामासाठी बोलावलेल्या विशेष सर्वसाधारण सभेत, हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश बहुमताने ठराव लागतो. म्हणजे १८०० सभासदांपैकी १५० आले तर १०० जण तुमच्या संस्थेचं काय ते ठरवणार. हे लक्षात ठेवून सभेची वेळ ठरवा. मंडईतल्या माणसाला सकाळची सभा म्हणजे 'येऊ नका' असं सांगणंच आहे.

त्याचं पुढचं पोटकलम लोक वाचत नाहीत. सगळे सभासद, ठेवीदार, संस्थेकडून ज्यांचं येणं आहे ते घेणेकरी यांना नोटीस द्यावी लागते आणि एक महिन्याचा पर्याय द्यावा लागतो: नव्या संस्थेत राहा, नाहीतर तुमचे पैसे मागा. जे मागतील त्यांचं देणं भागवल्याशिवाय मान्यता नाही. हा महिना फार वाईट असतो. धडधाकट संस्थेतही एखादी म्हातारी पावती घेऊन आली की तिला बघून दहा जण येतात. हातात रोकड किती आहे आणि गुंतवणूक किती दिवसांत मोकळी होते, याचा कागद आजच करा.

आता माझे प्रश्न. त्या मोठ्या संस्थेचे तीन वर्षांचे ऑडिट अहवाल मागितलेत का? त्यांनी स्वतःचे पैसे कुठे ठेवलेत? एकाच बिल्डरच्या घरातल्या माणसांना वेगवेगळ्या नावांनी कर्जं आहेत का? कलम १०१ चे (थकबाकी वसुलीचे) किती दाखले काढले आणि त्यातली वसुली किती? आणि शेवटचा: तुमची जागा स्वतःची आहे की भाड्याची?

--

टवाळ_पुणेरी · सोमवार, रात्री ११.१२

बटाटावडा मोठ्या संस्थेत पण मिळणार का, हे पत्रात स्पष्ट नाही. तोवर माझं मत राखून ठेवतो.

--

निवृत्त_बँकर · मंगळवार, सकाळी ७.१५

मी सहकारी बँकेत ३४ वर्षं काढली. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तब्येत चांगली असताना आलेलं स्थळ नाकारायचं नसतं.

पुण्याने हे पाहिलंय. रुपी बँक १९१२ सालची. फेब्रुवारी २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. त्यानंतर नऊ वर्षं विलीनीकरणाच्या चर्चा झडल्या, प्रस्ताव आले नि गेले, आणि २०२२ मध्ये परवानाच रद्द झाला. तोटा एवढा साठला की घ्यायला येणारा माणूस ताळेबंद बघूनच मागे फिरायचा. याउलट सुवर्ण सहकारी बँक २००९ मध्ये इंडियन ओव्हरसीज बँकेत गेली. २०२३ मध्ये मुंबईची मराठा सहकारी बँक आपल्या पुण्याच्या कॉसमॉस बँकेत आली. अडचणीतल्या बँकेलासुद्धा घेणारा मिळतो, पण वेळेत विचारलं तर.

आणि पतसंस्थेचं तर त्याहून अवघड. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं छत्र आहे (४ फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी १ लाख होतं). पतसंस्थेच्या ठेवीदाराला ते नाही. तुमच्या सभासदांपैकी किती जणांना हे माहीत आहे? काउंटरवर विचारून बघा.

--

कोथरूडची_वाचक · मंगळवार, सकाळी ९.४०

निवृत्त_बँकर काका, अर्ध्या गोष्टीशी सहमत. पण 'विलीन झालं म्हणजे सुटलं' हा गैरसमज पसरू नये.

पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी) बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ५ लाखांवरच्या सामान्य ठेवीदाराला उरलेले पैसे टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांत. आणि ज्या संस्थांनी तिथे ठेवी ठेवल्या होत्या, त्यांच्या विम्यावरच्या रकमेपैकी ८० टक्के रोख न देता थेट प्राधान्य शेअरमध्ये बदलले. पतसंस्था, हाउसिंग सोसायट्या याच रांगेत येतात. म्हणून खडूस_ऑडिटर यांचा "त्यांनी पैसे कुठे ठेवलेत" हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला. पतसंस्थेने बँकेत २ कोटी ठेवले तरी तिलाही छत्र ५ लाखांचंच.

आणि मोठं म्हणजे सुरक्षित हेही सोडा. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉसवर सायबर हल्ला झाला, ९४ कोटी गेले. कॉसमॉसच्या अंगात ते पचवायची ताकद होती हे खरं. लहान संस्था त्यात संपलीच असती, हा मुद्दा काकांच्या बाजूने जातो, मान्य.

--

पिग्मीवाल्याची_लेक · मंगळवार, दुपारी १.३०

माझे बाबा २६ वर्षं पिग्मी (लोकांची रोजची छोटी बचत) गोळा करायचे. आधी सायकल, मग लुना. त्यांची संस्था (पेठेतलीच होती, नाव नको) मोठीत विलीन झाली, तेव्हा मी कॉलेजात होते.

पहिल्या वर्षी काहीच बदललं नाही, उलट नवीन पंखे आले. दुसऱ्या वर्षी कर्जाचे सगळे अर्ज मुख्य कचेरीत जायला लागले. बाबांच्या लाइनवर एक बाई होत्या, भाजी निवडून पाकिटं करून विकायच्या. दर श्रावणात १५ हजार उचलायच्या आणि दिवाळीला फेडायच्या. हे सलग आठ वर्षं. मुख्य कचेरीने विचारलं, उत्पन्नाचा पुरावा? बाबांनी पिग्मीचं कार्ड दाखवलं, रोजच्या ५० रुपयांची आठ वर्षांची नोंद. ते म्हणाले, याचा रकाना नाही. त्या श्रावणात बाईंनी सावकाराकडून घेतले.

मी विलीनीकरणाच्या विरोधात नाही. त्या संस्थेत बाबांना भविष्य निर्वाह निधी पहिल्यांदा मिळाला, तोही विलीनीकरणानंतरच. पण संचालकदादा, पत्रात ठेवींबद्दल लिहिलंय, कर्मचाऱ्यांबद्दल लिहिलंय, पाटीबद्दलही लिहिलंय. कर्ज कोण मंजूर करणार याबद्दल एक ओळ तरी आहे का?

--

पेठेतला_संचालक · मंगळवार, संध्याकाळी ६.५०

नाही. एक ओळही नाही. पत्र पुन्हा दोनदा वाचलं.

खडूस_ऑडिटर, जागा स्वतःची आहे. १९९४ साली तळमजल्यावर ६०० चौरस फूट घेतलेली. तेव्हा सगळ्यांनी चेअरमनला वेड्यात काढलं होतं.

--

खडूस_ऑडिटर · मंगळवार, संध्याकाळी ७.०२

ताळेबंदात कितीला दिसते?

--

पेठेतला_संचालक · मंगळवार, संध्याकाळी ७.३०

घसारा जाऊन ३ लाख ८० हजार.

--

टवाळ_पुणेरी · मंगळवार, संध्याकाळी ७.३३

मंडईत तळमजल्याला ३ लाख ८० हजार. तेवढ्यात मलाच विका, मी बटाटावडेसुद्धा ठेवीन.

--

खडूस_ऑडिटर · मंगळवार, रात्री ९.१५

हसू नका, हाच खरा विषय आहे. नीट सांगतो.

सहकारी संस्थेच्या निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा दरवर्षी राखीव निधीत जातो, कलम ६६. हा निधी सभासदांत वाटता येत नाही. सभासद बाहेर पडला तर त्याला शेअरपोटी भरलेल्या रकमेपेक्षा जास्त मिळत नाही. कंपनीसारखं नाही की शेअर दहाचा पाचशे झाला. म्हणजे तुमच्या वडिलांच्या पिढीने थोडा थोडा करून साठवलेला निधी आणि ती जागा, दोन्ही कुणा एकाचे नाहीत. संस्था आहे तोवर सगळ्यांचे आहेत. विलीन झालात की सगळं उचलून समोरच्या ताळेबंदात जातं, जागा पुस्तकी किमतीला, आणि तुमच्या सभासदाच्या हातात तेवढ्याच दर्शनी किमतीचा नवा शेअर दाखला येतो.

यात बेकायदा काही नाही, समोरच्याचा डाव आहे असंही मी म्हणत नाही. त्यांनाही मंडईत शाखा हवी आहे, आणि नवी जागा विकत घेण्यापेक्षा हे स्वस्त. मी त्यांचा सल्लागार असतो तर हेच सांगितलं असतं. पण तुम्ही टेबलावर काय ठेवताय हे तुम्हाला माहीत असावं. शासनमान्य मूल्यांकनकाराकडून जागेचं मूल्यांकन करून घ्या. ते पैसे सभासदांना मिळणार नाहीत, पण बोलणी करताना आवाज बदलतो. स्थानिक कर्ज समिती, तिला ठरावीक रकमेपर्यंत मंजुरीचे अधिकार, संचालक मंडळावर जागा, हे मागायला तोंड येतं. आणि जे ठरेल ते विलीनीकरणाच्या प्रस्तावात लेखी हवं. 'बघू, करू' याला अर्थ नाही.

--

ओहायोकर · बुधवार, पहाटे ४.१० (तुमच्याकडची)

इकडच्या क्रेडिट युनियन म्हणजे आपल्या पतसंस्थांच्याच चुलत बहिणी. १९६९ च्या सुमारास अमेरिकेत त्या २३ हजारांहून जास्त होत्या, आता साडेचार हजारांच्याही आत. सभासद मात्र वाढतच गेले, १४ कोटींवर आहेत. म्हणजे सभासद जास्त, पाट्या कमी. बुडून गेल्या त्या थोड्या, बाकी बहुतेक विलीन झाल्या. कारणंही तुमचीच आहेत: व्यवस्थापक निवृत्त होतो आणि त्याच्या पगारात दुसरा मिळत नाही, सॉफ्टवेअरचा खर्च, नियमांचे कागद, आणि संचालक मंडळात पांढऱ्या केसांशिवाय कुणी नाही.

इथे ठेवींना अडीच लाख डॉलरपर्यंत सरकारी विमा आहे, त्यामुळे निवृत्त_बँकर काकांची पहिली भीती इकडे लागू नाही. म्हणून इकडचा वाद वेगळ्या जागी होतो: राखीव निधी. सुस्थितीतली, भरपूर निधी असलेली लहान संस्था मोठीत जाते तेव्हा लोक विचारतात, आमच्या पन्नास वर्षांच्या बचतीचं काय? काही ठिकाणी विलीनीकरणाच्या वेळी सभासदांना खास लाभांश देतात. काही ठिकाणी काहीच नाही, आणि व्यवस्थापकाला मात्र मोठ्या संस्थेत घसघशीत पगाराची खुर्ची.

यावरून ओरड झाल्यावर २०१८ मध्ये एनसीयूए या नियामकाने नियम बदलले. सभेआधी किमान ४५ दिवस नोटीस. विलीनीकरणामुळे वरिष्ठ अधिकाऱ्यांना जास्तीचं काय मिळणार ते नोटिशीत उघड लिहायचं. आणि सभासदांनी पाठवलेली मतं नियामकाच्या संकेतस्थळावर टाकायची, म्हणजे सभासदाला दुसरा सभासद काय म्हणतो ते वाचता येतं. माझी स्वतःची युनियन अशीच विलीन झाली. मी नोटिशीत आधी तो पगाराचा तक्ता वाचला, बाकी नंतर. मत 'हो' दिलं, कारण जुन्या व्यवस्थापिकेने जास्तीचं काहीच घेतलं नव्हतं. हा निकष शास्त्रशुद्ध नाही, पण मला पुरला.

अवांतर: बॉस्टनचा एडवर्ड फाइलीन नावाचा व्यापारी १९०७ मध्ये हिंदुस्थानात आला होता, इथल्या पतपुरवठा संस्था बघून भारावला आणि परत जाऊन अमेरिकेत क्रेडिट युनियनची चळवळ उभी केली. म्हणजे उसनं आपल्याकडून गेलंय.

--

सहकार_किडा · बुधवार, सकाळी १०.२५

ओहायोकर, त्यातही आधीचं म्हणजे १८८९ मध्ये बडोद्याला विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी ही पतपुरवठा संस्था काढली होती, १९०४ चा सहकारी संस्थांचा कायदा यायच्या पंधरा वर्षं आधी. असो, धागा भरकटवत नाही.

एक व्यवहाराचा मुद्दा. पत्र पाठवणारी संस्था राज्यातली आहे की बहुराज्य (एकाहून जास्त राज्यांत चालणारी)? २०२३ मध्ये बहुराज्य सहकारी कायदा बदलला. आता राज्यातली संस्था दोन तृतीयांश बहुमताने बहुराज्य संस्थेत विलीन होऊ शकते. पण मग तुमचा निबंधक दिल्लीत. आज तक्रार असेल तर रिक्षाने उपनिबंधकांकडे जाता, फार तर सेंट्रल बिल्डिंगला सहकार आयुक्तालयात. उद्या पत्र पाठवून वाट बघायची.

आणि बँकेत विलीन व्हायचा विचार कुणी सुचवला तर आयकराचं गणित वेगळं. सहकारी संस्थांची नफ्यावरची करसवलत पतसंस्थेला मिळते, सहकारी बँकांची २००६-०७ मध्येच काढून घेतली.

माझं मत विचाराल तर एकटं राहणं आणि विलीन होणं या दोनच वाटा नाहीत. तुमच्यासारख्या तीन-चार संस्था पेठांत नक्की असतील. वसुली अधिकारी एक ठेवा, सॉफ्टवेअर एकाच कंपनीकडून एकत्र भाव करून घ्या, अंतर्गत तपासनीस एक. पतसंस्थांच्या फेडरेशनला विचारा. जमतं असं नाही, चेअरमन लोकांचे अहंकार सॉफ्टवेअरपेक्षा महाग पडतात. पण विचारायला काय जातं?

--

निवृत्त_बँकर · बुधवार, दुपारी १२.००

सामायिक वसुली अधिकारी हा प्रयोग मी दोनदा पाहिला. दोन्ही वेळा त्याने आधी कुणाची वसुली करायची यावरून भांडणं झाली. तरी सॉफ्टवेअरपुरतं ठीक.

संचालकसाहेब, मला एवढंच सांगा. गेल्या पाच वर्षांत नवीन सभासद किती झाले, आणि त्यातले चाळिशीच्या आतले किती? बाकी मूल्यांकन वगैरे नंतर. दहा वर्षांनी कर्ज घेणारा माणूसच नसेल तर तळमजल्याची जागा घेऊन काय करणार, भजन मंडळ?

--

पेठेतला_संचालक · गुरुवार, रात्री ११.४०

उशीर झाला, माफ करा. भाऊंबरोबर दोन दिवस सभासद रजिस्टर घेऊन बसलो होतो. आकडे असे.

पाच वर्षांत नवीन सभासद ९४. चाळिशीच्या आतले ३१, आणि त्यातले निम्मे संचालकांचीच मुलं-सुना. १८०० मधले किमान २१० सभासद मयत आहेत, शेअर त्यांच्याच नावावर. ही संख्या बघून भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकेक नाव वाचून कोण कसं गेलं ते सांगत बसले. माझ्या वडिलांचं नावही त्यात निघालं. मी संचालक आहे आणि मीच वारसनोंद केलेली नाही.

दुसरं, निवृत्त_बँकर यांच्या सांगण्यावरून काउंटरवर विचारलं. बावीस ठेवीदारांपैकी एकोणीस जणांना वाटत होतं की सरकारचा विमा आहे. एक आजी म्हणाल्या, "विमा कशाला, भाऊ आहेत ना." ते ऐकून भाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आज तातडीची संचालक सभा घेतली. विशेष सभा तूर्त पुढे ढकलली. मोठ्या संस्थेला नाही म्हटलेलं नाही. ऑडिट अहवाल आणि गुंतवणुकीचा तपशील मागणारं पत्र गेलं, कर्ज मंजुरीचे अधिकार स्थानिक राहतील का हाही प्रश्न त्यात घातला. (ती राज्यातलीच संस्था आहे, बहुराज्य नाही.) जागेचं मूल्यांकन करायला दिलं. भाऊंना सहा महिने मुदतवाढ. त्यांच्या हाताखाली माणूस तयार करायचा, आणि प्रत्येक कर्जदाराची माहिती वहीत का होईना लिहून काढायची. ठेवींना विमा नाही अशी पाटी काउंटरवर लावायचा ठराव मी मांडला, तो ६ विरुद्ध ५ ने पडला. "लोक पळतील" म्हणाले. पुढच्या सभेत पुन्हा मांडणार आहे.

माझं स्वतःचं मत? सोमवारी कुंपणावर होतो. आता वाटतं, कर्ज मंजुरी इथेच राहणार असेल तर जावं, नाहीतर दोन वर्षं तरी झुंजावं. पण पाटी लावायला घाबरणाऱ्या मंडळाबरोबर झुंजता येईल का, हे मला आज रात्री माहीत नाही.

--

पिग्मीवाल्याची_लेक · शुक्रवार, सकाळी ८.०५

वही लिहिताना लाइनवरच्या पिग्मीवाल्यांना पण बसवा. भाऊंना माहीत नसलेलं निम्मं त्यांना माहीत असतं.

--

खडूस_ऑडिटर · शुक्रवार, सकाळी ९.५०

मयत सभासदांबद्दल. ठरावाच्या बहुमतात ते मोजले जात नाहीत, कारण बहुमत हजर असलेल्यांचं. पण नोटीस सगळ्यांना लागते, तिथे अडकाल. २१० पत्ते, त्यातले कितीतरी पाडून पुन्हा बांधलेल्या वाड्यांचे. नामनिर्देशन असेल त्यांची वेगळी यादी, नसेल त्यांची वेगळी. विलीन व्हा नाहीतर राहा, हे काम दोन्हीकडे करायचंच आहे.

सुरुवात स्वतःच्या वडिलांपासून करा. मृत्यूचा दाखला, मूळ शेअर सर्टिफिकेट, नामनिर्देशन नसेल तर वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि बहीण असेल तर तिची सही.

--

पेठेतला_संचालक · शुक्रवार, सकाळी १०.१०

बहीण आहे. सांगलीला. रविवारी जातो.